बिगुल शिकणारी पोर

समोरच्या गॅलरीत सई बिगुल फुंकत होती. शाळेच्या बँडमध्ये नुकतीच घेतलीय तिला. गाल टम्म फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि आवाज? खरं सांगते, भयंकर. तेवढ्यात खाली गाडी पुसत असलेले देसाई ओरडले, "काय गं, म्हैस अडली का?" सगळ्या गॅलऱ्यांतून हशा. तिच्या आईनं तरी काय करावं? "सॉरी हं काका, उद्यापासून बंद!" म्हणत पोरीला दंडाला धरून आत ओढलं. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली! अहो, हेच देसाई गाडी शिकताना सोसायटीचं फाटक पाडून बसले होते. तेव्हा कुणी त्यांना जनावर म्हटलं नाही. पंधरा ऑगस्टला बँड झकास हवा सगळ्यांना, पण शिकणारं पोर कुणाच्या कानाला नको. सूर काय आभाळातून पडतो? बेसूर वाजवता वाजवताच तो सापडतो, आणि तोवर ऐकून घेणारं कुणीतरी लागतं. मी गॅलरीतूनच हाक मारली, "सई, उद्यापासून माझ्याकडे येऊन वाजव गं. हवं तेवढं वाजव." देसाई हसायचे थांबले. त्यांचं घर माझ्या घराच्या बरोबर खाली आहे.