लाईट आली का?

अन्सारभाईंना एकच ध्यास लागला होता. सकाळी डोळे उघडले की विचारायचे, "लाईट आली का?" डोक्यावर पंखा गरगरतोय, स्वयंपाकघरात मिक्सर कोकलतोय, आणि हे आपले खिडकीशी बसून तेच! "आली हो आली. गेली होती कुठे?" त्यांची बायको सुरय्याबी म्हणायची. ते तिच्याकडे बघून गोड हसायचे, आणि चहा अर्धा झाला की पुन्हा विचारायचे.

उभा जन्म मालेगावात यंत्रमागावर गेला त्यांचा. तिकडे मागाला साचा म्हणतात, आणि त्या गल्लीत घरटी साचे. गुडघे बोलू लागले तेव्हा मुलगा मुझफ्फर दोघांना नाशिकला घेऊन आला, वडाळा रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये. फ्लॅटच्या भिंती पातळ, म्हणून घरात सगळे हळू बोलत. मालेगावात सुरय्याबीची हाक चार घरं ओलांडून जायची. हाक तरी कसली, "अजी, ऐकता का?" एवढीच. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नाही. इथे येऊन तिनं तीही हाक हळू केली.

आणि अन्सारभाई जागेपणीच स्वप्नात गेल्यासारखे झाले. जेवायला बोलवावं तर ढिम्म. नातीनं रडून काही सांगावं तर हे हसणार. खिडकीत ऊन यायचं, सरकायचं, निघून जायचं, आणि त्यांची बोटं मांडीवर तुटलेला धागा जोडल्यासारखी चाळवत राहायची.

"अम्मी, अब्बांचं डोकं काम करेनासं झालंय," मुझफ्फर म्हणाला. "एक दिवस बाहेर पडतील आणि सापडायचे नाहीत. दाराला कुलूप लावावं लागेल."

सुरय्याबी घाबरली. पण कुलपाला नव्हे. उद्या माझ्याकडे बघून असंच गोड हसले आणि म्हणाले, बाई, तुम्ही कोण, तर मी काय करू? ते सगळ्यांना विसरोत, मला नको. हे बोलायचीही तिला लाज वाटली.

गंगापूर रोडला म्हाताऱ्या माणसांसाठीच एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर निकिता, मुझफ्फरपेक्षाही लहान. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समोरच्या कागदात बघत विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"वारा?" अन्सारभाई खूश झाले. "वारा आहे की छान! लाईट तेवढी नाही."

मुझफ्फरनं कपाळाला हात लावला. सुरय्याबीचे डोळे भरून आले. डॉक्टर मात्र हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. तिच्याकडे वळून म्हणाल्या, "चाची, मालेगावात लाईट आली हे तुम्हाला कळायचं कसं?"

हा काय प्रश्न झाला? पण सुरय्याबीनं डोळे मिटले, आणि ती थेट गल्लीत जाऊन उभी राहिली. लाईट गेलेली. सगळं कसं पाण्याच्या तळाशी असावं तसं शांत. माणसं ओट्यावर पेंगतायत, हवेत कापसाचे तंतू तरंगतायत. मग कोपऱ्यावरचा पहिला साचा खटखटतो, मग दुसरा, मग घराची जमीन तळपायाखाली थरथरायला लागते, आणि तिचा नवरा टोपी सारखी करत उठतो. तिथे दिवा कोण बघतो, भरदुपारी?

"आवाजावरून," ती म्हणाली. "साच्यांचा आवाज आला की लाईट..."

आणि तिचं वाक्य तोंडातच राहिलं. या अल्ला!

डॉक्टरांनी कागद तोंडासमोर धरला आणि मोठ्यानं हाक मारली, "अन्सारकाका!" अन्सारभाई खिडकीबाहेर शांतपणे बघत राहिले.

आता काय म्हणावं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. साच्यांच्या खडखडाटात सगळे कारागीर ओठ वाचूनच बोलायचे. कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांना वाटत होतं, नाशकात फार वेळ लाईट जाते.

"थोडं विसरणं आहे, ते नाही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी कान बघू. आणि कुलूप नको."

तपासण्या झाल्या. पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत त्यांच्या कानामागे मशीन बसवलं. अन्सारभाई दचकले. मान हळूहळू वर गेली. पंखा कुरकुरत होता. खाली रिक्षा भोंगा वाजवत होती. त्यांनी गडबडीनं टोपी सारखी केली आणि खुर्चीतून उठायलाच लागले.

"लाईट आली!" ते म्हणाले.

मुझफ्फर तोंड फिरवून रुमाल शोधू लागला. सुरय्याबी त्यांच्या पाठीमागे, दाराशी उभी होती. तिनं ओढणीचा पदर ओठांवर घेतला आणि अगदी हळू, फ्लॅटमधल्या आवाजात म्हटलं, "अजी, ऐकता का?"

ते लगेच मागे वळले.

"ऐकतो ना, सुरय्या. बोल."

बोलायचं काय होतं, तेच तिला आठवेना.