फुकटचं नाही, श्रमदानाचं

मनीषनगरातला ताईचा मराठी टायपिंगचा क्लास बंद व्हायची वेळ आली होती. सहा जुने कॉम्प्युटर, नवी सिस्टम त्यांना पेलेना, आणि नवे घ्यायची ऐपत नाही. दारावर लावायचा कागदसुद्धा तिनं हातानं लिहून ठेवला होता: "सोमवारपासून क्लास बंद." तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. हिंगण्याच्या कारखान्यात सर्व्हर मी सांभाळतो, आणि माझ्याच बहिणीचा क्लास बंद? हट्!

"ताई, याच डब्यांवर फुकटची सिस्टम टाकून देतो."

"फुकटची? कोणी फुकट काहून देईन गा? काहीतरी खोट असन त्यात."

फुकट म्हणालो तिथंच फसलो. ताई भाजीवाल्याकडून कोथिंबीरसुद्धा फुकट घेत नाही. मग म्हटलं, "अवं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवली. श्रमदान केलं." श्रमदान म्हटल्यावर बाई नरमली.

आता टाकायचं कोणतं? फुकटच्या सिस्टमांत लिनक्स तर कोणीही टाकतं. मला मिरवायचं होतं, म्हणून क्वचितच कोणी वापरतं ते बीएसडी निवडलं. शनिवारी दुपारपर्यंत सहाही मशिनी जोडल्या गेल्या, एकाच प्रिंटरवर छापू लागल्या. शीळ घालत मी ताईला खुर्चीत बसवलं.

तिनं कळफलकाकडे न बघता 'महोदय' टाइप केलं. पडद्यावर भलतंच उमटलं. पुन्हा केलं, पुन्हा भलतंच.

"माह्या बोटाईले येडं करून राहिला का तू?"

अरे देवा! सगळी तपासणी मी इंग्रजीत केली होती. ताईची बोटं तीस वर्षं टाइपरायटरच्या मांडणीत मुरलेली, तीच ती पोरींना शिकवते. मी टाकलेल्या मराठीत अक्षरांच्या जागाच वेगळ्या. ती जुनी मांडणी बसवायला संध्याकाळपर्यंत झटलो, पण मला काही जमलं नाही. ताई रागावलीसुद्धा नाही. उठली, लिहिलेला कागद काढला आणि चिकटपट्टीचे चार तुकडे कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवले. मला तर रडूच यायला लागलं.

रविवारी सगळा तोरा गुंडाळून गुमान लिनक्स टाकलं. मराठी कळफलकाच्या मांडण्यांच्या यादीत खाली खाली गेलो, तर तिथं लिहिलेलं: टाइपरायटर. माझी ताई ज्याला माहीतही नाही अशा कोण्या माणसानं तिच्या बोटांसाठी एवढी मेहनत करून ठेवली होती! मी एकटाच जोरात ओरडलो.

ताईला बोलावून त्या माणसाचं श्रमदान सांगितलं. ती बसली. डोळे मिटले. बोटं सुसाट धावली आणि बाहेरच्या खोलीतला प्रिंटर करकरला. मी पळत जाऊन कागद उचलला: "सोमवारपासून क्लास नेहमीच्या वेळेवर."

कापलेले चार तुकडे तयारच होते. मी तो कागद दारावर चिकटवत होतो, तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला.

"तो टाइपरायटरवाला कुठं राहते गा? जेवाले बोलाव त्याले."