बाबांच्या कूलरची हवा

नागपुरात होळी झाली की लोक कूलर काढतात. आमच्या सक्करदऱ्याच्या घरात मात्र बाबा तो बसवायचे, देव बसवावा तसा. माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या उतरायच्या, गच्चीवर झटकल्या जायच्या, की लोखंडी डबा थेट माझ्या खिडकीला. सगळ्यांत गार हवा माझी. ओल्या खसच्या वासानं छाती मोकळी होते, अशी बाबांची ठाम समजूत, आणि छाती हा आमच्या घरातला मोठा विषय. मला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. माझ्या फुफ्फुसात कफ चिकट होऊन बसतो आणि हटत नाही. त्यामुळे रोज वाफ घ्यायची, पाठ थोपटून घ्यायची, वेळोवेळी थुंकी तपासून घ्यायची. मी सव्वीस वर्षांची आहे आणि या सगळ्याला कंटाळायचंही मी केव्हाच सोडलंय.

मागच्या उन्हाळ्यात लागोपाठ दोनदा थुंकीत बुरशी निघाली. डॉक्टर म्हणाले, ही हवेत सगळीकडे असते, इतरांच्या छातीतून ती निघून जाते, तुझ्या चिकट कफात तिनं बिऱ्हाड केलंय. तिसऱ्यांदाही निघाली तर महिनोन् महिने औषध घ्यावं लागेल, आणि तुझं यकृत आधीच नाजूक आहे. तोवर घरात ओल कुठे आहे ते शोधा. मी हसून मान हलवली, पण घरी येईपर्यंत मला चांगलीच धडकी भरली होती.

बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चौकशी समितीच नेमली, अध्यक्ष आणि सदस्य ते स्वतः. न्हाणीघराची पोपडे आलेली भिंत दोषी ठरली, खरवडून रंगवली गेली. आईच्या कुंड्या शेजारच्या काकूंकडे हद्दपार झाल्या. भिवापूरहून मावशीनं पाठवलेल्या मिरच्यांचं पोतंसुद्धा उघडून, शिंकत शिंकत तपासलं गेलं. आणि ही सगळी चौकशी करून घामाघूम झाले की ते येऊन बसायचे कुठे, तर कूलरसमोर.

कुंड्यांचा राग आईच्या मनात होताच. तिसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आन् तुमचा कूलर?"

"कूलरवर शक घेऊन राहिली तू?" बाबा दुखावले. "पोरीसाठी लावतो मी तो."

दुपारी बाबांनी कूलर बंद केला आणि बाजूची जाळी काढली. मी दारातून बघत होते. ताट्या तीन उन्हाळ्यांच्या. वाळवल्या की नव्यासारख्या होतात, असं ते अभिमानानं सांगायचे. आतल्या अंगाला काळपट हिरवी लव धरली होती. टाकीत ते रोज पाणी भरायचे, पण तळ कधी उपसलेला नव्हता. बाबांनी हातातली ताटी उलटी करून जमिनीवर ठेवली. मग मला म्हणाले, "तू आत जाय वं. इथं नको उभी राहू."

त्याच संध्याकाळी कूलर ताट्यांसकट भंगारात गेला. भर मे महिन्यात, नागपुरात! शेजाऱ्यांना वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. मग माझ्या खोलीत छोटा एसी आला आणि तिथे जत्रा भरू लागली. आई भाजी निवडायला तिथेच, मावशी आली की तिथेच, बाबा चष्मा शोधायला दहादा तिथेच. एसीची जाळी दर रविवारी धुऊन कडक उन्हात वाळवण्याचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. पण चेष्टा केली तरी ते पूर्वीसारखं उलट बोलत नव्हते. मला ते आवडत नव्हतं.

पावसाळ्यात तिसरा रिपोर्ट आला. बुरशी नव्हती. डॉक्टर म्हणाले, एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका, पण सध्या औषध नको. मी खुर्चीतच नाचायच्या बेतात होते.

बाबांनी मात्र विचारलं, "डॉक्टरसाहेब, म्हणजे तिच्या छातीत ते मीच टाकलं होतं का?"

डॉक्टर म्हणाले, ते कुणालाच सांगता येणार नाही. कूलरमधून आली असेल, नसेलही. जन्मभर फायलींवर स्पष्ट शेरे मारलेल्या माणसाला हे उत्तर पुरेना. मला बाबांचा भयंकर राग आला आणि तितकंच भरूनही आलं.

"बुरशीचं विचारून राहिले," मी म्हटलं, "पण सव्वीस वर्षं रोज सकाळी माझी पाठ कोणं थोपटली, ते काहून नाही विचारत?"

बाबा रडले. मग मीही रडले. डॉक्टरांनी बाहेरच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.