राउंड कुणी खोडलं?

‘एरर घालवला’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं सणकतं. भोरच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे ते रोज ऐकावं लागतं. एरर कसला होता, का आला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पडद्यावरचं लाल गेलं की पोरं हात झटकून मोकळी. पोरांचं एक वेळ समजू शकते. पण आमच्या भावोजींनी, पुण्यात मोठ्या पगारावर प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करणाऱ्या माणसानं, तसंच करावं?

माझे सासरे गणिताचे मास्तर. उत्रोलीच्या बाजूला आमची शेती आहे, तिथल्या उपसा सिंचन संस्थेसाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. नदीवरचा पंप सुरू झाला की पाणी मोठ्या पाटातून चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटांना, जातं. कुठल्या शेताला पाण्याची पाळी किती वेळ, हे तो प्रोग्रॅम काढायचा. आमच्याकडे पाळी पाव तासांत मोजतात. सव्वादोन पाव, पावणेचार पाव असलं काही पाट सोडणाऱ्या पाटकऱ्याला सांगून उपयोग नाही, म्हणून आकडा पुरा करायचा. वरच्या शेतांना जो पाव जवळचा तो. शेवटच्या चारीला मात्र नेहमी पुढचा पुरा पाव, कारण तिथवर पोचेपर्यंत निम्मं पाणी वाटेतच मुरतं. हा रिवाज संस्थेपेक्षाही जुना. त्यासाठी सासऱ्यांनी एक छोटंसं फंक्शन लिहिलं आणि त्याला नाव दिलं राउंड. त्याला पावांचा आकडा द्यायचा आणि चारीचा नंबर द्यायचा, म्हणजे ते बरोबर उत्तर काढायचं.

सासरे गेले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा जुना कॉम्प्युटरही गेला. त्यांनी सीडीवर ठेवलेला प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर आणायचा तर कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर तो घेईना. भावोजी म्हणाले, “वहिनी, द्या इकडं. माझं रोजचंच काम आहे.” चार दिवसांनी परत पाठवला. सगळे एरर घालवलेत म्हणाले. त्याची एक प्रत संस्थेच्या ऑफिसात दिली आणि मी त्यावर पाळ्या काढून संस्थेला द्यायला लागले.

शेवटच्या चारीवर तीनच शेतं. दोन शेतांचे मालक पुण्याला असतात. तिसरं एका काकूंचं, त्या एकट्या कसतात. त्यांनी गहू केला होता. पाणी पलीकडच्या बांधाला लागायच्या आत बंद होतंय, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. पाटकरी म्हणायचा, कागदावर लिहिलंय तेवढं सोडतो. मग एका सकाळी वरची चारी त्यांच्या शेताच्या अंगाला फुटलेली सापडली आणि संस्थेच्या चेअरमननी चार माणसांत त्यांना विचारलं, “पाणी चोरता व्हय?”

काकू एसटीनं थेट माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी येईनात.

“बाई, म्या चोरी केली न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर पानी पुरत न्हाई, ह्ये खरं हाय. मास्तरांच्या टायमाला पुरायचं.”

मी जुना कोड आणि भावोजींचा कोड शेजारीशेजारी उघडला. वर्गमूळ सापडत नाही, हा पहिला एरर त्यांनी नीट सोडवला होता. नव्या सिस्टीमला गणिताची लायब्ररी वेगळी जोडायला सांगावं लागतं, तेवढंच. पुढचा एरर राउंडचा. आता त्या लायब्ररीत याच नावाचं एक फंक्शन तयारच असतं, सरसकट जवळचा पूर्ण आकडा देणारं. कंपायलर थांबून सांगत होता, हे नाव आधीच घेतलेलं आहे आणि तुमचं त्याच्याशी जुळत नाही. सासऱ्यांच्या फंक्शनचं नाव बदललं असतं तर काम झालं होतं. भावोजींनी फंक्शनच खोडलं. मग कंपायलर ओरडला, मला एक आकडा लागतो, तुम्ही दोन देताय. तर यांनी दुसरा आकडाही सगळीकडून छाटून टाकला. तो दुसरा आकडा म्हणजे चारीचा नंबर! कंपायलर गप्प झाला आणि काकूंच्या सव्वादोन पावांचे जे तीन व्हायचे, ते दोन झाले.

मी लगेच भावोजींना फोन लावला.

“अहो वहिनी, स्टँडर्ड फंक्शन असताना आपलं कशाला ठेवायचं?”

“काकूंचं शेत स्टँडर्ड नाही, भावोजी. ते शेवटाला आहे. खोडण्याआधी ते काय करतंय हे एकदा वाचायचं होतं!”

“एवढं चिडण्यासारखं काय आहे त्यात?” ते म्हणाले. मी फोन आपटला.

प्रोग्रॅम दुरुस्त करून मी संस्थेच्या बैठकीला गेले. सगळं साध्या भाषेत सांगितलं. चूक आमच्या घरची आहे, काकूंची नाही, हेही सांगितलं. तेव्हा कुठं पाटकऱ्याला कंठ फुटला, “चारी खेकड्यांनी पोखरली व्हती. म्या बघितलं व्हतं.” इतके दिवस तोंड शिवलं होतं का, असं मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं.

चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चोरीचं मिटलं, बरं झालं. पर वहिनी, नव्या हिशेबानं पंप लवकर मोकळा व्हतोय. वरच्यांना दुसरी पाळी लवकर लागतीय. मग जुन्याकडं कशाला जायचं? हाय ह्येच ऱ्हाऊ द्या. हात वर करा बरं.”

वरच्या चाऱ्यांची माणसं खोलीभर होती. हात वर झाले. पाटकऱ्याचाही झाला. शेवटच्या चारीकडून एकट्या काकू, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. तासाभरापूर्वीपर्यंत ती निदान चूक होती. आता तो ठराव झाला होता. मी उठून म्हणाले, “असल्या पाळ्या माझ्या हातून निघणार नाहीत. दुसरं कुणीतरी बघा.” चेअरमन म्हणाले, “बघू की. तुमच्या भावोजींनी दिलाय त्यो प्रोग्रॅम हायच आमच्याकडं.”

बाहेर आल्यावर मी रागानं नुसती धुमसत होते. काकूंनी माझा दंड धरला.

“बाई, जाऊ द्या. तुमी लई केलं. आता मला चोर तरी म्हननार न्हाईत.”

आणि पदर खोचून त्या लगबगीनं शेताकडं निघाल्या, कारण पाणी सुटायची वेळ झाली होती आणि त्यांच्याकडं दोनच पाव होते.