दगडाचा कोपरा

रात्रभर दव पडलं होतं आणि सकाळी धुकं इतकं दाट, की गोठ्याच्या दारातून समोरचं शेतही दिसेना. गाय धार द्यायला कुरकुरत होती. मावशी कासेला कोमट पाण्याचा हात लावत "दमानं बाई, दमानं" म्हणत बसल्या होत्या. गावात त्यांना नावच पडलं होतं, दमानं मावशी. लग्नघरची धावपळ असो की कुणाची भिंत पडलेली असो, मावशींचं एकच, दमानं घ्या. दूध न्यायला येणारा रोज टोमणा मारायचा, "मावशी, तुमच्या दारात आलो की माझं घड्याळ मागं पडतं."

"पडू दे की. तेवढाच तरुण राहशील."

अठराव्या वर्षी त्या या घरात आल्या, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता मुलगा ट्रॅक्टर घेऊन लोकांच्या नांगरटी करतो, कधी कधी दोन-दोन दिवस बाहेरगावी राहतो. आताही बाहेरच होता. सुनेशी त्यांचं पटतं, म्हणजे दोघी एकमेकींवर खेकसतात आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नाही. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मावशी पाच दिवस तिच्याकडं होत्या. कालच संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या होत्या.

सून चहा घेऊन गोठ्यात आली ती फुललेल्या चेहऱ्यानं.

"आई, तुम्ही नव्हतात तेव्हा मी एक पराक्रम केला."

"काय फोडलंस?"

"फोडलं नाही काही. शेतातली माती तपासायला दिली."

गेल्या साली मका पिवळा पडला होता. दोन गोण्या खत ओतलं तरी पिवळाच. सून तेव्हापासून मागं लागली होती की आंधळेपणानं खत ओतण्यापेक्षा माती तपासू, कशाची कमी आहे ते तरी कळेल. दोन दिवसांच्या शिबिरालाही जाऊन आली होती.

"शिबिरातल्या कागदावर लिहिलंय तस्संच केलं. नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती घमेल्यात. झाडाखालची नको, बांधाजवळची नको, शेणखताचा ढीग होता तिथली नको. मग सगळी कालवून गोल पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले. उरलेल्याचे परत चार, परत दोन टाकले. असं करत अर्धा किलो ठेवली. उन्हात नाही हां, सावलीत वाळवली. पिशवीसुद्धा खताची नाही घेतली, नवी शिवली."

"माझ्यापेक्षा शहाणी आहेस."

"गंमत तर पुढंच आहे. आठवा खड्डा मी दगडाच्या कोपऱ्यात घेतला."

मावशींचा हात कासेवरच राहिला.

"तिथं दगड नाहीच, आई! कुदळ लोण्यात जावी तशी गेली. मी सळई ठोकून बघितली हातभर, कुठं टण्ण नाही की खण्ण नाही. एक पलंग मावेल एवढी जागा, आणि तुम्ही लोक इतकी वर्षं ती सोडून नांगरताय!"

"टाकलेले भाग कुठं टाकलेस?"

"अं?"

"चारातले दोन टाकलेस ना, ते कुठं?"

"तिथंच. शेतातच उधळले की. का?"

"आणि पिशवी?"

"ती परवाच शहरात नेऊन दिली, प्रयोगशाळेत."

मावशी उठल्या. "पावती घे आणि चल. परत आणायची ती."

"अहो आई, तपासायला दिलेली माती कुणी परत आणतं का? आणि धार?"

"राहू दे धार."

धार अर्धी टाकून मावशी उठल्यात असं त्या गोठ्यानं कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावर दूधवाला समोरून आला. त्यांची पावलं बघून हसत ओरडला, "मावशी, दमानं!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

बसमध्ये त्यांनी पावती स्वतःकडं मागून घेतली. सुनेला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सरकारी कागदाची भीती वाटते, तशातला प्रकार असेल.

त्या कोपऱ्यात मावशींची पहिली मुलगी पुरलेली होती. जन्मली आणि रडलीच नाही. मावशी स्वतः दोन दिवस शुद्धीत नव्हत्या. जाग आली तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता. न बघितलेलंच बरं, लवकर विसरशील, असं सासू म्हणाली. नवऱ्यानं एकट्यानं पहाटे कमरेएवढा खड्डा खणला होता. पुढं कधीतरी शेतातून येताना त्यानं नुसतं बोट केलं, तिथं. एवढंच.

दोन वर्षांनी मुलगा झाला. घरातल्या कुणी मग मुलीचा विषय काढला नाही, आणि कुणी काढला नाही म्हणून मावशींनीही काढला नाही. नांगर मात्र त्या जागी आला की नवरा तो उचलायचा आणि गड्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "हात्तिच्या, दगड!" मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला, बाबा, दगड काढून टाकू या म्हणून हट्ट करायला लागला, तेव्हा नवऱ्यानं गोठ्यामागं जाऊन नांगराचा जुना फाळ घणानं वाकवला आणि त्याच्यापुढं टाकला. बघ, म्हणाला, एवढा मोठा आहे. घणाचा आवाज मावशींनी ऐकला होता. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला दोनदा आमटी विचारली, एरवी एकदाच विचारायच्या.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली होती. मांडणीवर ओळीनं ट्रे, प्रत्येकात कुणाच्या तरी शेताची माती, तांबडी, काळी, राखाडी, आणि वर नंबराची चिठ्ठी. लाकडी खलात माती कुटणारा माणूस एकटाच होता. त्याच्या भुवयासुद्धा मातीच्या झाल्या होत्या.

"नमुना परत?" त्यानं पावती उलटसुलट केली. "आजी, इथून माती परत जात नाही. कागद जातो."

"मला कागद नको."

"अहो, रिपोर्ट वाईट आला म्हणून कुणी तुरुंगात घालत नाही. नत्र कमी निघालं तर लिहून देतील, अमुक खत घाला, तमुक घाला. भिताय कशाला?"

"माती माझी आहे. मला दे."

"वहीत नोंद झालीय. परत करायचा तर कारण लिहावं लागतं."

"लिही, चुकून दिली."

"चुकून?" त्यानं फॉर्म काढला. "मागचं पीक, खतं, खोली, सगळं टापटीप भरलंय. असा फॉर्म सहा महिन्यांत एखादा येतो." सुनेला त्या गडबडीतही बरं वाटलं.

मावशींनी पावतीच्या खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली.

"आठव्या खड्ड्याच्या जागी माझी मुलगी आहे."

सुनेला आधी कळलंच नाही. मुलगी कुठली? मग तिनं तोंडावर हात ठेवला. माणसानं पेन खाली ठेवलं, मांडणीकडं गेला आणि पिशवी घेऊन आला. सुनेनं शिवलेली पांढरी पिशवी, आत पिठासारखी मऊ माती.

"कुटून, चाळून झालीय, आजी. दोन-तीन चमचे बाटल्यांत गेली. ती नाही देता येत, औषधं पडलीत तिच्यात. बाकी सगळी ही."

"चाळणीवर काय राहिलं?"

"खडे. मुळ्या. नेहमीचंच."

"कुठंय ते?"

"सगळ्यांचं एकाच पिंपात जातं. पिंप काल रिकामं केलं."

"बरं." मावशींनी मान हलवली. "ती खोल आहे, कमरेएवढी. वीतभर खड्ड्यात काही यायचं नाही. मी आपलं विचारलं."

त्यानं वही ओढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नमुना अयोग्य जागेचा'. सही कुठं करायची ते त्यानं बोटानं दाखवलं.

परतीच्या बसमध्ये मावशींनी पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, सामान खाली ठेवा, पाय मोकळे होतील. त्यांनी ठेवली नाही.

"आई, मला सांगायचंत."

"तुला कुठून सांगू? तुझ्या नवऱ्याची ती बहीण. त्यालाच कधी सांगितलं नाही."

खिडकीबाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर दिसला आणि सून एकदम पांढरीफटक पडली.

"आई, मी ह्यांना सांगितलंय. परवा फोनवर. दगड नाहीच म्हणून. ते म्हणाले, परत आलो की पहिलं काम तेच करतो. आज दुपारी यायचेत ते."

तिनं फोन लावला. नुसताच वाजत राहिला. परत लावला. मावशी म्हणाल्या, "ट्रॅक्टरवर ऐकू येत नाही त्याला."

स्टॉपपासून त्या दोघी बांधाबांधानं आल्या. धुकं केव्हाच उठलं होतं, ऊन लख्ख पडलं होतं. मुलगा ट्रॅक्टरवरून उडी मारून समोर आला, दात तेवढे पांढरे.

"आई, बघितलंस का? उभा मारला, आडवा मारला, खडासुद्धा लागला नाही! बाबांनी तो फाळ कशावर वाकवून घेतला देव जाणे. चाळीस वर्षं फुकट सोडली जागा!"

समोर सगळं शेत एकसारखं होतं. कोपरा कुठून सुरू व्हायचा आणि कुठं संपायचा, काही दिसत नव्हतं. मावशींनी तो नेहमी नजरेनं ओळखला होता, तिथल्या गवतावरून. पावलं कधी मोजली नव्हती.

"अहो, ऐका..." सून पुढं झाली. मावशींनी तिचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"छान केलंस," त्या मुलाला म्हणाल्या. "पाणी प्यायलास का सकाळपासून?"

"पितो आता. ते काय हातात?"

"परत दिली त्यांनी माती. नमुना चुकला होता."

"अरेच्चा. म्हणजे परत काढावा लागणार?"

"काढू," सून म्हणाली. मुलगा तोवर ट्रॅक्टर बंद करायला वळला होता.

मावशी ढेकळांतून चालत गेल्या. अंदाजानं एका जागी थांबल्या, मग दोन पावलं डावीकडं सरकल्या, मग परत मागं आल्या. शेवटी होत्या तिथंच बसून त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं. काळ्या, ओल्या ढेकळांवर ती चाळलेली माती फिकट दिसत होती. त्यांनी हातानं ती ढेकळांच्या फटीत सारली, पिशवी उलटी करून झटकली, घडी घालून कमरेला खोचली. उठताना मात्र उठता येईना. सुनेनं येऊन हात दिला.

"सांगायचंच नाही का त्यांना?" सून हळू आवाजात म्हणाली.

"काय सांगू? तुझी बहीण तूच नांगरलीस म्हणून?"

अंगणात मुलानं शर्ट काढून धुण्याच्या दगडावर टाकला. बाह्या, पाठ, खिसे, सगळा मातीनं भरलेला. नळाखाली डोकं धरून तो म्हणाला, "आई, हा आजच धू गं, उद्या परत लागेल."

"ठेव."

मावशींनी बादली भरली, शर्ट बुडवला. पहिलं पाणी गढूळ निघालं. त्या थोडा वेळ त्या पाण्याकडं बघत राहिल्या. मग ते ओतून दुसरं घेतलं, साबण लावला आणि कॉलर घासायला घेतली.