कंडक्टरकाकांची मान

कंडक्टरकाकांना पाठ भिंतीला टेकल्याशिवाय चहा गोड लागत नसे. गेवराईच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात रविवारी सकाळी आम्हा सायकलवाल्यांचा कंपू जमायचा, तेव्हा कोपऱ्यातली भिंतीकडची खुर्ची त्यांच्यासाठी सोडावी लागे. कुणी चुकून ती अडवलीच, तर काका भिंतीला पाठ लावून उभ्या उभ्याच चहा संपवत. पाठीमागे मोकळी जागा असली की त्यांना कसंसंच व्हायचं. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतःही त्या बाबतीत काही कमी नाही.

माझं मेडिकलचं दुकान आहे. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी दम दिला म्हणून मी सायकलवर बसले. समोरून येणाऱ्या गाडीचं एवढं वाटत नसे, ती निदान दिसते तरी. मागून येणारीच्या विचारानं मात्र हात गार पडायचे. मी टिकले ती काकांमुळे. ते कायम रांगेत शेवटी असत. जन्म एसटीत गेला होता, आणि गाडी थांबवायला एक बेल, सोडायला डबल बेल, ही रीत त्यांनी आमच्या रांगेलाही लावली होती. त्यांच्या सायकलीला जुनी पितळी घंटी होती. ती एकदा वाजली की मागून गाडी येतेय, डावीकडे व्हा. दोनदा वाजली की रस्ता मोकळा. त्या घंटीच्या भरवशावर मी नाकासमोर बघत सायकल हाणायची.

काका मात्र सारखी मान वळवून मागे बघत. चार पायडल मारली की मान मागे, पुन्हा चार मारली की पुन्हा मागे. कंपूतली पोरं चिडवायची, काका, एक दिवस मान निखळून पडंल. ते म्हणायचे, "पडू द्या. तुमची शाबूत ऱ्हायली म्हंजे झालं."

एका हिवाळ्यात आम्ही तलवाड्याच्या पुढे, नदीच्या अंगाला असलेल्या पाणथळावर गेलो. तिथे पक्ष्यांसाठी उद्यान केलं आहे. सकाळी निघायचं, दुपारी डबे खायचे आणि अंधाराच्या आत घरी यायचं, असा बेत होता. ऊसतोडीचे दिवस होते. अरुंद रस्ता, दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस आणि मागून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. जाताना घंटी इतक्यांदा वाजली की माझं अंग आखडून गेलं होतं.

पाणथळावर बघायला मनोरा आहे. खाली गाळ, पाणकणसाचं रान आणि त्यात काय सळसळतंय ते कळू नये अशी शांतता. डबे झाले, काका मनोऱ्याच्या खांबाला पाठ लावून थर्मासमधला चहा ओतत होते. तेवढ्यात आमच्या मागून, अगदी डोक्यावरून, चक्रवाकांचा थवा ओरडत आला. केवढा तो कालवा. आम्ही सगळे दचकून वळलो. काका वळले नाहीत. ते शांतपणे चहा ओतत राहिले, आणि मग आमच्या माना वर गेलेल्या बघून त्यांनीही वर पाहिलं.

काका फोनवर कधी बोलत नसत, दुकानावरच येतो म्हणत. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. या सगळ्याचा अर्थ मला त्या क्षणी उमगला. ज्याच्या कानांवर जीव सोपवून मी त्या उसातून आले होते, त्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. आणि त्याच रस्त्यानं परत जायचं होतं.

बाकीचे सायकलींकडे गेले, तेव्हा मी काकांच्या समोर उभी राहिले आणि विचारलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"डाव्या कानानं कायबी न्हाई. उजव्यानं थोडं येतंय, वारं नसलं तर."

"मग मागं कावून राहता, काका?" एरवी मी अशी बोलत नाही, पण रागानं आणि भीतीनं माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली.

"मला लई भ्या वाटतं, ताई. म्हणून तर दर घडीला मागं बघतो. ज्याला ऐकू येतं त्यो बघत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरास्नी सांगू नका. घरी बसून मी कुणाच्या मागं बघू?"

सांगितलं तर या माणसाचा रविवार जाणार होता, नाही सांगितलं तर कुणाचा तरी जीव. शेवटी मी मधला मार्ग काढला. मी त्यांच्या लगेच पुढे राहायचं. मला मागून आवाज आला की मी डावा हात वर करायचा, त्यांनी घंटी मारायची. काकांनी होकारार्थी मान डोलावली.

परतीला उन्हं कलली होती. ट्रॅक्टरवर लावलेली गाणी लांबूनच ऐकू येत, मी हात वर करी आणि घंटी वाजे. असे कितीतरी गेले. मला जरा धीर आला, खरं तर घमेंडच आली. मग लांब उतार लागला. समोरून वारं होतं. मागे काहीच आवाज नव्हता, माझे दोन्ही हात हँडलवर होते, आणि अचानक घंटी वाजली. एकदाच, पण अशी जोरात की मी विचार न करता मातीत उतरले. पुढची सगळी रांगही उतरली. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून सोडलेला ट्रॅक्टर उतारावरून आमच्या बाजूनं निघून गेला. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं माझ्या खांद्याला घासून गेली. मला तो शेवटपर्यंत ऐकू आला नव्हता.

मागे वळून पाहिलं तर काका मातीत एक पाय टेकवून उभे होते. त्यांनी पुन्हा एकदा मागे पाहिलं आणि मग डबल बेल दिली. मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि नंतरही रांगेत त्यांच्या लगेच पुढेच राहिले.

पुढे त्यांचे डोळेही अधू झाले. लेक त्यांना आपल्या घरी न्यायला आली, त्या सकाळी ते चालत माझ्या दुकानावर आले. खिशातून पाना काढला आणि पायरीजवळ लावलेल्या माझ्या सायकलीला ती पितळी घंटी बसवू लागले. स्क्रू चाचपडत लावताना त्यांची पाठ रस्त्याकडे होती. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. घंटी बसल्यावर ते वळले आणि माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "ताई, अजून भ्या वाटतं का?"

मी म्हटलं, "लई."

"मग हरकत न्हाई," काका म्हणाले. "तुमी मागं ऱ्हावा."