दम तुटला नव्हता

वस्ताद वारला तेव्हा देवळीच्या बाजारचौकात सभा झाली. सात जण बोलले. सगळे लांब बोलले, आणि एकानं तर वस्ताद कधी खेळलाच नव्हता अशा सामन्याचं रंगवून वर्णन केलं. मलाही आग्रह झाला. मी हात जोडून नाही म्हणालो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवर आला. गहिवर वगैरे काही नव्हता. मला जे सांगायचं होतं ते त्या सभेत शोभलं नसतं, कारण त्यात दोष माझा होता.

मी प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून देवळीला आलो ते दिवस प्रांत बदलण्याच्या आधीचे. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. मी मूळचा तिरसट, त्यात नवीन गाव. वस्तादशी ओळखही भांडणातूनच झाली. माझ्या खोलीमागच्या पटांगणात रोज संध्याकाळी दहा-बारा गडी हुतूतू खेळायचे. त्या गलक्यात वह्या तपासणं अशक्य. एक दिवस तणतणत गेलो आणि म्हणालो, "माणसं राहतात इथं! काही लाज?"

रुंद छातीचा, डाव्या पायानं लंगडणारा एक माणूस पुढे आला. त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, कान मोठा तिखट दिसते तुहा. बस अथी. कोनाचा दम कुठी तुटते, मले सांगजो."

राग गिळून बसलो. मग रोजच बसायला लागलो.

तरुणपणी आजूबाजूच्या तालुक्यांत त्याच्यासारखी चढाई करणारा कोणी नव्हता. नागपूरला खेळायला जाण्यासाठी त्याची निवड झाली आणि त्याच महिन्यात, तो कामाला होता त्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाठ गुडघ्यावर पडली. खेळ संपला. जिनानं त्याला वजनकाट्यावर बसवलं, आणि संध्याकाळी तो गडी तयार करू लागला. दोघे जिनातले, एक शिंपी, बाकी शेतावरचे. "मी नाई गेलो तं नाई, माहे पोट्टे जातीन नागपूरले," हे तो इतक्यांदा म्हणे, की गडी पाठीमागे त्याची नक्कल करत. पण त्याला आयुष्यात याखेरीज खरंच काही नको होतं. लग्नाचा विषय काढला तर म्हणे, "पह्यले नागपूर, मंग नवरी."

त्याची शिकवण्याची तऱ्हा वेगळी. विहिरीतून पोहरा ओढायचा आणि तो वर येईपर्यंत एका दमात हुतूतू म्हणत राहायचं. तो स्वतः पाठ फिरवून उभा राही आणि नुसता ऐके. दम संपत आला की माणूस आधी शेवटचा 'तू' खातो आणि मग चोरून श्वास घेतो. हे ऐकायला त्यानं मला शिकवलं. "डोये फसवते, मास्तर. कान नाई फसवत." वर्षभरात मी असा तयार झालो, की दुसऱ्या गावांहून पंच म्हणून बोलावणी येऊ लागली. जन्मात एक चढाई न केलेला माणूस, आणि पंच! सरळ पंच म्हणून माझं नाव झालं. त्या नावाचा मला फार माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट. ती अडली, सुईणीनं हात टेकले, आणि मी ओसरीवर डोकं धरून बसलो. वस्तादनं कोणाची तरी सायकल उचलली आणि त्या गुडघ्यानं वर्धा गाठलं. नर्सबाईंना मोटारीत बसवून दिलं आणि स्वतः पुन्हा सायकल मारत परत आला. मुलगी झाली. त्याचा गुडघा टरबुजाएवढा सुजला, आठ दिवस पडून होता. मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "आभार घाल चुलीत. पेढे आन."

असा तो मित्र, आणि मी त्याचं काय केलं ते सांगतो.

संक्रांत झाल्यावर वर्ध्याला सामने होते. जिंकेल तो संघ नागपूरला जाणार. देवळीचे गडी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. समोर शहराचा संघ. ऐन वेळी पंचाला ताप भरला. समोरच्या संघाचा म्होरक्या आपणहून म्हणाला, "देवळीचे मास्तर चालतीन. सरळ मानूस हाये." माझी छाती फुगली. वस्तादनं मात्र मला बाजूला घेतलं.

"नको, मास्तर. तुह्यावर ओझं होईन."

"का? भरवसा नाही माझ्यावर?"

"भरवशाची गोठ नाई रे."

मी ऐकलं नाही. शिट्टी गळ्यात अडकवली आणि उभा राहिलो.

सामना बरोबरीत आला. देवळीची शेवटची चढाई शिंप्याची. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "घरचाच पंच हाये बाप्पा, आता काय भेव!" लोक हसले. माझे कान तापले. शिंपी आत शिरला, एकाला शिवला आणि परत फिरला. दोघांनी कंबरेला मिठी घातली. तो पडला. कोपरांवर सरपटत, माती खात, त्यानं बोटं मधल्या रेघेवर टेकवली. आवाज सुतासारखा बारीक झाला होता, पण चालू होता. शेवटचा 'तू' पुरा होता. मी तो स्वच्छ ऐकला.

आणि मी शिट्टी फुंकली. "दम तुटला. बाद!"

का? त्या क्षणी माझ्या डोक्यात शिंपी नव्हता, वस्ताद नव्हता, नागपूर नव्हतं. तो गर्दीतला ओरडणारा होता. त्याला दाखवायचं होतं, की हा पंच कोणाच्या घरचा नाही. लोक ओरडले, "वा रे पंच! याले म्हनते पंच!" सांगायला शरम वाटते, पण घटकाभर ते मला गोड लागलं.

देवळीचे गडी माझ्या अंगावर धावून आले. शिंपी तोंडातली माती थुंकत म्हणाला, "मास्तर, मायची आन, दम होता!" वस्ताद लंगडत आला आणि आमच्यामध्ये उभा राहिला. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग गड्यांकडे वळून म्हणाला, "पंचानं सांगतलं तं तुटला. जा, हात मियवा त्यायच्याशी."

परतताना मोटारीत माझ्याशेजारी कोणी बसेना. वस्ताद बसला. शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत राहिला आणि माझ्या मुलीला दात किती आले ते विचारत राहिला. मी मनाशी ठरवून टाकलं, की तो लांब होता, गलका होता, त्याला ऐकू आलं नसेल. त्या समजुतीवर मी एक वर्ष काढलं. शिंपी मात्र माझे कपडे शिवेना. "कापड कमी पडते," म्हणे. मी सदरे वर्ध्याहून शिवून आणू लागलो.

पुढच्या वर्षी सामन्यांच्या आधी वस्ताद घरी आला. पंच म्हणून मलाच बोलावलं होतं. मी नाही म्हणालो. शाळेची तपासणी आहे, खोकला आहे, जे सुचेल ते सांगितलं. तो हलेना. मग मी चिडलो. "का मागे लागतोस? जिल्ह्यातले बाकीचे पंच काय मेले?"

तो चहाची बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "औंदा तू उभा नाई राह्यला, तं लोक म्हनतीन का मागच्या साली मास्तर चुकला. मंग तुहं नाव राहीन का?"

मी विचारलं, "म्हणजे तुला ऐकू आलं होतं?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"पोट्टे औंदा बी खेयतीन. तुहं नाव गेलं असतं तं परत कोनं देल्लं असतं?"

बायको आतून सगळं ऐकत होती. त्या वर्षी मी उभा राहिलो. देवळीचा संघ पहिल्याच सामन्यात हरला, अगदी रीतसर. पुढे गडी पांगले. शिंपी अमरावतीला गेला, जिनातले दोघे संसाराला लागले. पुन्हा तसा संघ जमला नाही.

नागपूरला गेलो तो मी. सरळ पंच म्हणून तिथून मला बोलावणं आलं. मोटारीच्या अड्ड्यावर वस्ताद पोचवायला आला होता आणि दिसेल त्याला सांगत होता, "आमचे मास्तर चालले नागपूरले!" मी म्हणालो, तूही चल. तर म्हणाला, "मी काय करू येऊन? माहे पोट्टे कुठी हायेत तथी?"

परत आलो तर तो ओसरीवर वाट बघत बसलेला. मैदान केवढं, माती काळी की मुरमाड, रेघा कशानं मारल्या, लोक कुठं बसतात, एकेक विचारत गेला. मी सगळं सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा सांगितलं. माफी मागायची ती तेव्हाही मागितली नाही.